गिनतीत कुणीच कमी नव्हतं

ही घटना खरी आहे.

ज्याच्यासोबत घडली तो माझा सख्खा आतेभाऊ. इंद्रजीत त्रिभुवन. मुकुंदवाडीत, स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहतो. वाळूजला कंपनीत कामाला जातो. दारूला शिवत नाही, थापा मारणं त्याच्या स्वभावात नाही. इतकी वर्षं तो या विषयावर एक शब्द बोलला नाही. कारण लहानपणी एकदा बोलला होता... आणि त्याची फार मोठी किंमत त्यानं मोजली होती.

मागच्या वर्षी त्यानं मला सगळं सांगितलं. जसं ऐकलं तसं लिहितोय.

१९९४ चा जानेवारी. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. इंद्रजीत बारा वर्षांचा होता.

रविवारची उपासना संपली की छावणीतल्या चर्चच्या मैदानावर परेड व्हायची. गिदोन पथक. फक्त मुलांचं. निळी हाफ पँट, पांढरा शर्ट, खांद्यावरून कमरेपर्यंत पांढरा पट्टा, डोक्यावर तिरपी टोपी. बेल्टचं पितळी बक्कल इंद्रजीत शनिवारी चिंचेनं घासत बसायचा. त्यात तोंड दिसेपर्यंत घासायचा.

घरात त्याला करमायचं नाही. वडील रेल्वेत गँगमन, निम्मा महिना लाइनीवर. आई म्हणजे माझी चतुरा आत्या. ती कधी मारायची नाही, रागवायची नाही. पण जवळही घ्यायची नाही. ताट वाढायची आणि भिंतीकडं बघत बसायची.

पथकात मात्र त्याला सगळं होतं. सत्यम दुशिंग हा जिवाभावाचा दोस्त होता. गळ्यात अडकवायला एक ड्रम होता. आणि बन्सी सर होते, पथकाचे कॅप्टन. उंच माणूस, भरघोस मिशा, आवाज असा की मैदानाच्या पलीकडची कुत्री उठून बसायची. ईस्टरच्या पहाटे मिरवणूक निघायची तेव्हा इंद्रजीत पहिल्या रांगेत ड्रम वाजवायचा. सर नुसतं म्हणायचे, "अकरा नंबर, शाब्बास!"

त्या एका शाब्बासवर त्याचा आठवडा निघायचा.

प्रत्येकाला नंबर होता. इंद्रजीत अकरा, सत्यम बारा. सर "गिनती!" म्हणून ओरडले की पोरं एकामागून एक आपला नंबर द्यायची. आणि परेड मोडायच्या आधी सगळे हात वर करून शपथ घ्यायचे.

देव साक्षी आहे, भाऊ भावाला मागं सोडणार नाही.

बाकीची पोरं घाईघाईत म्हणायची. इंद्रजीत डोळे मिटून म्हणायचा.

त्या जानेवारीत पथकाचा कॅम्प सोयगावकडं गेला. एका गावच्या शाळेत मुक्काम. दिवसभर खेळ, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी. इंद्रजीत म्हणतो, आयुष्यात त्याच्याइतके चांगले दिवस पुन्हा आले नाहीत.

शेवटच्या दिवशी सर पोरांना डोंगरावरच्या जुन्या किल्ल्यावर घेऊन गेले. बँडसकट. वर गेल्यावर वाजवायचं, जेवायचं, थोडं खेळायचं आणि खाली उतरून थेट ट्रकमध्ये बसायचं, असं ठरलं होतं.

जेवणं झाली. लपंडाव सुरू झाला. इंद्रजीतनं ड्रम एका सीताफळाच्या झाडाला अडकवला आणि पडक्या भिंतीमागं पळाला.

तिथं गवत कमरेइतकं वाढलं होतं.

पाय टाकला...

आणि खाली जमीनच नव्हती.

ते धान्याचं पेव होतं. जुन्या काळी किल्ल्यावर धान्य साठवायला जमिनीत असे खड्डे खणायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. तो आत कोसळला आणि उजवा पाय घोट्यातून मुरगळला. वर बघितलं तर ताटाएवढं आभाळ दिसत होतं. भिंती गुळगुळीत. धरायला काही नाही.

तो घाबरला नाही. वर सगळे होते ना.

थोड्या वेळानं बिगूल वाजला. पोरं पळत गोळा होताना ऐकू आली. मग सरांचा आवाज.

"गिनती!"

इंद्रजीतला हायसं वाटलं. अकरावर गिनती अडणार. सर थांबणार. शोधायला येणार.

"एक!"

"दोन!"

"तीन!"

आवाज स्पष्ट येत होते. फार तर वीस-तीस पावलांवरून.

"नऊ!"

"दहा!"

त्यानं छातीत हवा भरली. ओरडायला तोंड उघडलं...

"अकरा!"

तो ओरडला नव्हता.

आवाज वरून आला होता.

आवाज त्याचाच होता. त्याला दोन दिवसांपासून सर्दी होती, घसा बसला होता. वरच्या आवाजाचाही घसा बसलेला होता.

"बारा!" सत्यमनं लगेच नंबर दिला. जराही न अडखळता. सत्यम तर अकराच्या शेजारी उभा असतो. त्याला शेजारी कोण आहे ते दिसत होतं...

गिनती शेवटपर्यंत गेली.

"सगळे हजर!" सर म्हणाले. "चला, उतरा!"

इंद्रजीत जिवाच्या आकांतानं ओरडला. "सर! मी इथंय! सत्यम! सत्या!"

तेवढ्यात बँड सुरू झाला.

बिगूल. मोठा ढोल. आणि ड्रम. त्याचा ड्रम. त्याची एक कडी ढिली होती, ती वाजताना खणखणायची. तीच खणखण.

कुणीतरी त्याचा ड्रम वाजवत होतं. आणि त्याच्यापेक्षा चांगला वाजवत होतं.

आवाज डोंगर उतरत गेला. मग बारीक झाला. मग नाहीसा झाला.

दुपार टळली. आभाळाचा तुकडा तांबडा झाला. ओरडून ओरडून त्याच्या गळ्यातून नुसती हवा येत होती.

आणि दिवे लागायच्या वेळेला त्याला वास आला...

बाजरीच्या गरम भाकरीचा.

त्या ओसाड डोंगरावर, मातीच्या पोटात, भाकरीचा वास. पाठोपाठ ताट ठेवल्याचा आवाज. आणि मग त्याच्या आईचा आवाज. अगदी कानाशी.

"घे की रं आजून एक. किती वाळलास..."

त्यानं हाक मारली, "मम्मी!"

आई हसली. पण त्याच्या हाकेला नाही. दुसऱ्याच कुणाशी तरी बोलताना हसली. बारा वर्षांत त्यानं आईला असं हसताना ऐकलं नव्हतं.

त्या रात्रीबद्दल याहून जास्त तो सांगत नाही. मीही खोदून विचारलं नाही.

सकाळी मेंढ्यांच्या घंटा वाजल्या. वरून एका बाईनं डोकावलं. साळूबाई. डोंगरावर मेंढरं चारणारी.

"कोन हाय रं? मानूस हायेस का आनिक काय?"

"माणूस... माणूसच आहे, मावशी."

तिनं नवऱ्याला, कचरूला हाक मारली. त्यानं डोक्याचा पटका सोडून खाली टाकला आणि इंद्रजीतला वर ओढून घेतलं. साळूबाईनं त्याला मेंढीचं दूध पाजलं. पाय चोळून चिंधीनं बांधला.

"संगतीचे कुठं गेले तुझे?"

"गेले."

"आन् तुला सोडून? मोजलं नाय का कुनी पोरांला?"

तोपर्यंत तो रडला नव्हता. तेव्हा रडला.

"मोजलं होतं," तो म्हणाला.

कचरूनं त्याला सोयगावच्या स्टँडवर आणून एसटीत बसवलं, कंडक्टरला हात जोडून सांगितलं, लेकराला औरंगाबादला नीट उतरवा.

तो लंगडत घरी पोचला तेव्हा ऊन कललं होतं. वडील त्या आठवड्यात लाइनीवर होते. आत्या दारात उभी होती.

ती ओरडली नाही. पळत आली नाही. तिनं त्याला बघितलं... आणि मान वळवून घरात बघितलं. मग दार अडवून उभी राहिली.

"आलास?"

"मम्मी, मी खड्ड्यात पडलो होतो. मला सोडून गेले सगळे."

"कालच तर आला तू," आत्या म्हणाली. हळूच. त्याच्या डोळ्यांत न बघता.

अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत होते. निळी हाफ पँट. पांढरा शर्ट. पांढरा पट्टा.

इंद्रजीतनं स्वतःकडं बघितलं.

त्याचा युनिफॉर्म त्याच्या अंगावर होता. मातीनं भरलेला. गुडघ्यावर फाटलेला.

त्याच्याकडं एकच युनिफॉर्म होता...

संध्याकाळी दोरी रिकामी होती. त्यानं विचारलं, तर आत्या म्हणाली, "कोनते कपडे?"

पुढच्या रविवारी तो सरांसमोर गेला. सगळं सांगितलं. त्याला वाटलं, सर त्याला जवळ घेतील. म्हणतील, चुकलं बेटा आमचं.

सरांचा चेहरा कठोर होत गेला.

"सत्यम! ट्रकमध्ये तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"इंद्रजीत, सर."

"मुकुंदवाडीला कोण उतरलं?"

"इंद्रजीत."

"मी स्वतः याला गल्लीत जाताना बघितलंय," सर म्हणाले. "रात्री पळून कुठं हिंडून आलास, आणि आता पथकाला बदनाम करतोस?"

"नाही सर! मम्मीला विचारा!"

हे तो का म्हणाला, त्याचं त्याला कळत नाही. घरी आई काय म्हणाली होती ते त्यानं ऐकलं होतं. पण बारा वर्षांच्या पोराला शेवटी आईशिवाय कोण आठवणार?

आत्या चर्चच्या पायऱ्यांवर डोक्यावर पदर घेऊन उभी होती. सरांनी तिला विचारलं, "चतुराबाई, त्या संध्याकाळी पोरगा घरी आला होता का?"

आत्यानं पदर आणखी पुढं ओढला.

"आलता," ती म्हणाली. "जेवला."

सरांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावरचा पट्टा काढून घेतला. "खोटं बोलणाऱ्याला या पथकात जागा नाही."

सत्यम बुटांकडं बघत राहिला. इंद्रजीत फाटकाबाहेर आला तेव्हा मागं शपथ सुरू झाली होती. भाऊ भावाला मागं सोडणार नाही. सगळे एका सुरात म्हणत होते. कुणाचाही आवाज अडखळला नाही.

तो पुन्हा त्या मैदानावर गेला नाही.

वर्षं गेली. वडील वारले. इंद्रजीतचं लग्न झालं, मोनिका वहिनी आली, दोन पोरं झाली. वहिनी चर्चला जायची, हा घरी बसायचा. कधीकधी त्यालाही शंका यायची, आपणच वेडे तर नाही ना? मग तो उजव्या घोट्यावर हात ठेवायचा. घोटा वाकडाच राहिला होता. आजही आहे.

मागच्या वर्षी बन्सी सर गेले.

जायचं नव्हतं, तरी तो गेला. दफनविधीला पथकातली जुनी पोरं आली होती. पोटं सुटलेली, केस पिकलेले. सत्यम पुण्याहून आला होता. माती देऊन झाल्यावर दोघं कब्रस्तानाबाहेरच्या टपरीवर चहाला थांबले. पहिला चहा संपला, दुसरा मागवला.

शेवटी सत्यमच म्हणाला, "यार, एक विचारू? बरीच वर्षं डोक्यात आहे."

"विचार."

"त्या दिवशी ट्रकमध्ये... तू सिल्लोडपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. सिल्लोड मागं पडलं आणि तू माझ्या कानाशी आलास. म्हणालास, 'माझी माय मला ओळखंल का रं?'"

इंद्रजीतच्या हातातला चहा तसाच राहिला.

"मी हसलो," सत्यम म्हणाला. "म्हटलं, कॅम्पला जाऊन आलास, दुबईला नाही. पण नंतर डोक्यात आलं... तू तर तिला मम्मी म्हणायचास. माय कुठून काढलंस?"

"आणखी काय म्हणालो मी?"

"काही नाही. माझा हात धरून बसलास. मुकुंदवाडीपर्यंत. हात गार होता तुझा. जानेवारी होता ना."

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी.

इंद्रजीतच्या आधी आत्याला एक मुलगा होता. शलमोन. सहा वर्षांचा असताना काविळीनं गेला. इंद्रजीत त्याच्या नंतर दोन वर्षांनी झाला. त्या घरात शलमोनचं नाव कुणी काढायचं नाही. पण माझे वडील सांगायचे, तो आत्याला दिवसभर हाका मारायचा.

माय, ए माय...

इंद्रजीत टपरीवरून थेट घरी आला. दुपारची वेळ. मोनिका वहिनी कामावर, पोरं शाळेत. आत्या अंगणात सुपात डाळ घेऊन बसली होती. आता सत्तरी ओलांडलीय तिनं.

तो समोर बसला.

"मम्मी, त्या संध्याकाळी जेवला तो कोण होता?"

सुपातला हात थांबला. कोणती संध्याकाळ, हे आत्यानं विचारलं नाही.

"तुला कळलं होतं," इंद्रजीत म्हणाला. "तो मी नव्हतो, हे तुला कळलं होतं."

"दारातच कळलं."

"कसं?"

"दिसायला तूच व्हता. तोच डरेस, तीच टोपी. पन त्यानं माय म्हनून हाक मारली." आत्याचा आवाज अगदी सपाट होता. "शलमोन गेल्यावर मला कुनी माय म्हनलं नवतं. तुला मीच मम्मी म्हनाया शिकवलं. त्यो शबुद मला पुन्यांदा ऐकायचा नवता."

"मी कुठं आहे, ते विचारलं नाहीस त्याला?"

"इचारलं."

"काय म्हणाला?"

आत्यानं डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"म्हनला, डोंगरावर खड्ड्यात हाय. जित्ता हाय. त्याला आनाया मानूस धाडलं तर मला जावं लागंल."



"स्टेशनात फोन होता, मम्मी. मास्तर ओळखीचे होते आपल्या."

"व्हते."

"आणि तू त्याला भाकरी वाढलीस."

"लई वर्सांचा उपाशी व्हता रं त्यो. खातच व्हता... खातच व्हता. मग माझ्या मांडीवर डोकं ठिवून निजला."

"आणि मी?"

आत्यानं मान वर केली. तो बारा वर्षांचा असताना जे डोळे त्याला चुकवत होते, ते आता सरळ त्याच्याकडं बघत होते.

"तू जित्ता व्हता," ती म्हणाली. "तू येनारच व्हता."

त्यानं विचारलं, "चर्चमध्ये तरी खरं बोलायचं. त्यांनी मला खोटारडा ठरवलं. सगळ्यांसमोर."

"खरं बोलले असते तर त्यो शलमोन व्हता असं सांगावं लागलं असतं. लोकांनी पाळक बोलावले असते. प्रार्थना करून त्याची वाट बंद केली असती."

"म्हणजे... तो अजून...?"

सूप पुन्हा हलू लागलं.

"मम्मी. आज आला तर?"

"दार उघडीन," आत्या म्हणाली.

इंद्रजीत उठला. ओरडला नाही. चपला घातल्या आणि स्टेशनावर जाऊन बाकड्यावर बसून राहिला. तिथून त्यानं मला फोन केला. मी गेलो तेव्हा तो रुळांकडं बघत होता.

सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सरांचं मला काही वाटत नाही. सत्याचंही नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण हिला माहीत होतं रे..."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "भाऊच होता ना शेवटी. एका रात्रीपुरता आला, गेला."

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"शलमोन सहा वर्षांचा असताना गेला. त्यानं कधी पथक बघितलं नाही. ड्रमला हात लावला नाही. माझा नंबर त्याला कुठून माहीत? आणि मेलेलं पोर बारा वर्षांचं होतं का?"

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"माझ्या आईनं मला खड्ड्यात ठेवलं आणि ज्याला जेवू घातलं... तो शलमोन होता हे कुणी सांगितलं? माय म्हणायला काय लागतं? दारात उभं राहून कुणीही म्हणेल."

तो अजून त्याच घरात राहतो. आत्याला दवाखान्यात नेतो, बीपीच्या गोळ्या आणून देतो. पण तिला हाक मारत नाही. मम्मी म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. लागलं तर पोराला सांगतो, आजीला विचार.

मागच्या महिन्यात मी संध्याकाळी आत्याकडं गेलो होतो. इंद्रजीत शिफ्टला होता, वहिनी पोरांना घेऊन बाजारात. थंडी होती, म्हणून आत गेल्यावर मी दाराला कडी लावली.

आत्या चुलीपासून उठली. गुडघे धरत धरत दारापर्यंत आली. आणि कडी काढली.

"राहू दे," ती म्हणाली.



चहाही न घेता निघालो.